कडक उन्हाळा आणि इंजिन ऑइल: पाच हजार की दहा हजार?

भरदुपार

मंडळी, हा विषय आधी येऊन गेला असेल तर तिकडे पाठवा. शोधून पाहिलं, पण सापडलं ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या मुलुखातल्या लोकांनी लिहिलेलं. त्यांना काळजी सकाळी गाडी सुरू होईल का याची, आपल्याला दुपारी ती तापेल का याची.

गाडी लहान इंजिनाची टर्बो पेट्रोल. गाडीच्या पुस्तकात ऑइल बदलायला लिहिलंय १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. सर्व्हिसवाला म्हणतो, "एवढ्या उन्हात दहा हजार? पाचला बदला." मित्र म्हणतो, तो त्याचा धंदा बघतोय, तू पुस्तक बघ. आमच्याकडे बरेच महिने पारा चाळिशीच्या वर असतो. गाडी जास्त करून शहरात, एसी लावून, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत असते. हायवे क्वचित.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उन्हाने ऑइल खरंच लवकर खराब होतं का? उन्हाळ्यात जाड ऑइल टाकावं का? आणि घरात एक एअर-कूल्ड मोटरसायकल आहे, तिला वेगळा हिशेब लागतो का?

रिकामीसीट

रुमाल टाकून ठेवतोय. आमच्याकडेही हाच वाद चालू आहे, फक्त सर्व्हिसवाल्याच्या जागी सासरे आहेत.

जुनापाना

पाच हजार. विषय संपला.

तरीही कारण हवं असेल तर सांगतो. माझं आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलं. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनाचं वरचं झाकण काढलं की आतलं लोखंड हलकं पिवळसर, स्वच्छ दिसतं. ज्याने "चालतंय तोवर चालवू" केलंय त्याच्या झाकणाखाली काळा चिकट थर असतो, पट्टीने खरवडावा लागतो. तोच गाळ खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या पात्रात, ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की पंपाला ऑइल पुरत नाही, आधी वरच्या बाजूला टकटक सुरू होते आणि मग बेअरिंग जातात. तोवर दिवा लागलाच तर लागला. ऑइलच्या दिव्यावर विसंबू नका, तो दाब कमी झाल्यावर लागतो, म्हणजे चोर पळून गेल्यावर.

ऑइल काळं पडलं की बदला, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

काचनळी

जुनापानाकाका, गाळाबद्दल शंभर टक्के सहमत. रंगाबद्दल मात्र नाही. ऑइलमध्ये काजळी आणि घाण धरून ठेवणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. ऑइल काळं झालं म्हणजे ती द्रव्यं आपलं काम करतायत. डिझेल गाडीत तर नवं ऑइल टाकून दहा मिनिटं इंजिन चालवलं की काळं. आणि उलट, सोनेरी दिसणारं ऑइल आतून संपलेलं असू शकतं. रंगावरून निदान करू नये.

भरदुपार, तुमच्या पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते.

बाहेर २५ अंश असो की ४५, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट कूलंटला साधारण ८५ ते ९५ अंशांच्या पट्ट्यात धरून ठेवतो. ऑइल नेहमीच्या चालवण्यात ९० ते ११० च्या आसपास राहतं. रेडिएटर, पंखा आणि कूलंट ठीक असतील तर हवा २० अंशांनी तापली म्हणून ऑइलही २० अंशांनी तापत नाही. म्हणजे नुसतं ऊन ऑइलचा काळ नाही. उन्हात उभ्या गाडीतल्या ऑइलला तर काहीच होत नाही. ४५ काय, ७० अंशसुद्धा त्याला कोमट.

मग उन्हाळा नडतो कुठे? जिथे थंड करायची ताकद आधीच अपुरी पडते तिथे. भरलेली गाडी, एसी चालू, लांबलचक चढ, मागे ट्रेलर, किंवा रेडिएटरच्या जाळीत माती बसलेली. अशा वेळी ऑइल १२०-१३० ला जातं. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग अंदाजे दुप्पट होतो. ११० वरून १३० म्हणजे चौपट. शिवाय पिस्टनच्या रिंगांपाशी ऑइलचा जो पातळ थर असतो तो २०० अंशांच्या वर तापतो, आणि टर्बोच्या बेअरिंगपाशीही तीच गत. खरं जळणं तिथे होतं, चेंबरमध्ये नाही.

आणखी एक. हे बिघडणं सरळ रेषेत होत नाही. आधी ऑइलमधली ऑक्सिडेशनविरोधी द्रव्यं खर्ची पडतात. ती शिल्लक आहेत तोवर चाचणीत फारसं काही दिसत नाही. ती संपली की ऑइल झपाट्याने दाट व्हायला लागतं, आम्ल वाढतं, लाखेसारखा थर धरतो. म्हणून "मागच्या वेळी दोन हजार जास्त चालवली, काही झालं नाही" या युक्तिवादाला अर्थ नसतो.

उन्हाळ्याची एक चांगली बाजूही सांगतो, ती कोणी सांगत नाही. थंड प्रदेशात छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन तापतच नाही. मग ज्वलनातलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साठून राहतं. गरम हवेत इंजिन लवकर तापतं, पाणी उडून जातं. त्या बाबतीत आपण सुखी.

जुनापाना

काचनळी, तुमचं बरोबर असेल. पण ज्याच्याकडे चाचणी करायची सोय नाही त्याने काय बघायचं?

काचनळी

वास आणि पातळी. डिपस्टिकला (ऑइलची पातळी बघायच्या काडीला) पेट्रोलचा किंवा डिझेलचा उग्र वास येतोय आणि पातळी कमी होण्याऐवजी वाढलीय, तर किलोमीटर न बघता बदला. काडीला दुधी रंगाचं काही लागलं तर पाणी किंवा कूलंट शिरलंय, मग प्रश्न ऑइल बदलण्याचा उरत नाही. आणि बोटांत चोळल्यावर कचकच लागली तर धूळ किंवा धातू.

डिझेलवाल्यांसाठी जुनी युक्ती आहे: गरम ऑइलचा एक थेंब टिपकागदावर टाकून रात्रभर ठेवा. डाग एकसारखा राखाडी पसरला तर काजळी अजून ऑइलमध्ये विखुरलेली आहे. मध्ये काळाकुट्ट, धारदार कडेचा ठिपका आणि भोवती नुसतं पिवळसर तेलाचं वर्तुळ दिसलं, तर ऑइलची घाण धरून ठेवायची ताकद संपली. पेट्रोल इंजिनात काजळी कमी, त्यामुळे तिथे ही युक्ती फार काही बोलत नाही.

हिशेबी

मला किलोमीटर हे मापच पटत नाही. इंजिनाला रस्ता कळत नाही, त्याला फेरे कळतात.

भरदुपार, तुमच्या गाडीच्या स्क्रीनवर सरासरी वेग दिसत असेल. तो पाहून सांगा. १०,००० किमी सरासरी ५० च्या वेगाने म्हणजे इंजिन २०० तास चाललं. तेच १०,००० किमी सरासरी १८ च्या वेगाने म्हणजे सुमारे ५५५ तास. ओडोमीटरवर आकडा तोच, पण ऑइलने पावणेतीनपट नोकरी केली. जनरेटर, ट्रॅक्टर यांचं ऑइल तासांवरच बदलतात आणि २५० तास हा आकडा त्यांच्या पुस्तकांत सर्रास दिसतो.

भरदुपार

आत्ताच खाली जाऊन पाहिलं. सरासरी १७ दाखवतंय.

हिशेबी

मग तुमचे ५,००० किमी म्हणजेच सुमारे २९४ तास. सर्व्हिसवाला धंदा बघत असेलही, पण आकडा चुकीचा नाही सांगितला.

वाकडीवाट

हिशेबी, थोडं थांबा. तासांचा हिशेब किलोमीटरपेक्षा बरा, पण तोही अर्धवट. जागेवर उभ्या गाडीचा एक तास आणि चढावरचा एक तास सारखा कसा? उभ्या इंजिनात ज्वलन कमी, ताण कमी. जनरेटर तर एका ठरावीक भाराने चालतो, त्याचा आकडा उचलून गाडीला कसा लावणार?

माझ्या मते मोजायचं ते जाळलेलं पेट्रोल. ऑइलमध्ये जी घाण येते, काजळी, आम्ल, न जळलेलं इंधन, ती सगळी ज्वलनातूनच येते. लिटरला १८ देणाऱ्या चालवण्यात १०,००० किमीला साधारण ५५५ लिटर जळतात. त्याच गाडीने शहरात १० दिलं तर १,००० लिटर. म्हणजे फरक पावणेतीनपट नाही, पावणेदोनपट. या हिशेबाने हायवेचे १०,००० म्हणजे शहरातले साडेपाच हजार.

हिशेबी

मान्य आहे, लिटरचा हिशेब जास्त चोख. पण गंमत बघा, तुम्ही साडेपाचवर आलात, मी पाचच्या खाली. भांडण उरलंय कुठे?

काचनळी

दोघांच्याही हिशेबात तथ्य आहे. गाड्यांमध्ये जो "ऑइल लाइफ" टक्क्यांत दाखवतात तो बहुतेकांत असाच काढलेला असतो. जनरल मोटर्सने १९८० च्या दशकाच्या अखेरीस असल्या प्रणाली गाड्यांत आणायला सुरुवात केली. तिथे कोणी ऑइल चाखून बघत नसतं. इंजिनाचे फेरे आणि तापमान यांच्यावरून गणित मांडलेलं असतं. त्यामुळे दोन गोष्टी त्याला कधीच कळत नाहीत: तुम्ही कुठल्या दर्जाचं ऑइल ओतलंय आणि एअर फिल्टरमधून किती धूळ आत शिरतेय. आणि ऑइल बदलल्यावर रीसेट करायला कोणी विसरलं तर ते बापडं जुनाच हिशेब पुढे चालवतं.

धूळभेट

धुळीचा विषय निघाला म्हणून लिहिते. गरम आणि कोरड्या भागात उन्हापेक्षा धूळ जास्त इंजिनं खाते, असं माझं ठाम मत आहे. आम्ही कच्च्या रस्त्यांवर गाड्या चालवतो. ऑइल तपासणीच्या रिपोर्टमध्ये सिलिकॉन वाढलेलं दिसलं की समजायचं, माती आत जातेय. त्याच्या जोडीला लोह आणि ॲल्युमिनियम वाढलं असेल तर ती माती सिलिंडर आणि पिस्टन घासतेय. (नव्या इंजिनात सीलंटमुळेही सिलिकॉन दिसतं, तेव्हा पहिल्या रिपोर्टला घाबरू नका.)

इथे ऑइल दर दोन हजारला बदललं तरी उपयोग नाही, कारण नव्या ऑइलमध्ये तीच माती पुन्हा येणार. बघायचं असं: एअर फिल्टर काढा आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आतून स्वच्छ बोट फिरवा. ही बाजू फिल्टरच्या पलीकडची, म्हणजे बोटाला काहीही लागता कामा नये. बारीक पीठ लागलं तर फिल्टर फाटलाय, नीट बसला नाहीये किंवा क्लिप सैल आहे.

आणि तो कागदी फिल्टर दगडावर आपटून झटकणं बंद करा. घड्या सुटतात. हवेच्या जोरदार फवाऱ्यानेही कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. वारंवार उघडझाप केली तर उलट दर वेळी थोडी धूळ आत पडते. त्यापेक्षा ठरल्या वेळी सरळ नवा टाका.

जुनापाना

धूळभेट ताई, हे फार चांगलं लिहिलंत. आपटणारे मीही खूप बघितले. फिल्टरवर राग काढतात.

डिझेलगडी

डिझेलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मध्ये घुसतो. ज्यांच्या गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे आणि वापर फक्त शहरातला, त्यांनी पातळीवर डोळा ठेवा. डीपीएफ भरला की त्यातली काजळी जाळायला गाडी जादा डिझेल मारते. बऱ्याच गाड्यांत ते सिलिंडरमध्येच मारलं जातं. मधेच गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं आणि त्यातलं थोडं डिझेल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. असं वरचेवर झालं की ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर "मॅक्स"च्या वर चढतं. लोक खूश होतात, "माझी गाडी ऑइल खात नाही!"

आणि डीपीएफवाल्या गाडीत कमी राखेचं ऑइलच घालायचं, एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) चा सी३ किंवा पुस्तकात जो दर्जा दिलाय तो. ऑइलमधली राख फिल्टरमध्ये जाऊन बसते आणि ती जळून जात नाही. काजळी जळते, राख राहते.

भरदुपार

भरपूर माहिती मिळतेय, आभार. आता दुसरा प्रश्न. पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय. सर्व्हिसवाला म्हणतो उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० टाकू, "जाड ऑइल म्हणजे इंजिनाला गादी".

जुनापाना

आमच्या काळातल्या इंजिनांना चालायचं ते. फटी मोठ्या असायच्या. नव्या टर्बोला टाकू नका.

काचनळी

काकांनी एका ओळीत सांगितलं, मी जरा पाल्हाळ लावतो.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. ५डब्ल्यूची क्रँकिंग चाचणी उणे ३० ला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. तुमच्याकडे पारा शून्याखाली जात नसेल तर या आकड्याने फार बिघडत नाही, तरी लहान आकड्याचं ऑइल सकाळी वर लवकर पोचतं, तेवढा फायदा उन्हाळ्यातही आहे.

कामाचा आकडा दुसरा. तो १०० अंशांवरची घनता नव्हे, वाहण्याला होणारा विरोध सांगतो. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३. याहून महत्त्वाचं म्हणजे १५० अंशांवर, जोराच्या घर्षणात ऑइलचा थर किती टिकतो ते. ३० ला तिथे किमान २.९ (हे माप वेगळं, सेंटीपॉइजमध्ये) लागतं, ५डब्ल्यू-४० ला ३.५, १५डब्ल्यू-४० ला ३.७. बेअरिंगला खरं संरक्षण हा आकडा देतो.

तेव्हा पुस्तकातल्या तापमानाच्या तक्त्यात ५डब्ल्यू-३० बरोबर ५डब्ल्यू-४० ला परवानगी असेल आणि तुम्ही उन्हाळ्यात भरलेली गाडी घेऊन चढ चढणार असाल, तर एक पायरी वर जायला हरकत नाही. तक्त्यात नसेल तर जाऊ नका. तुमच्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, बारीक वाहिन्या असतात, टर्बोची नळी बारीक असते. २०डब्ल्यू-५० तिथे उशिरा पोचेल, पंपाचं काम वाढेल, पेट्रोल जास्त जाईल. गादी बिदी काही नाही.

तुमचं लहान टर्बो इंजिन थेट इंजेक्शनचं (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये मारणारं) असेल तर डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) चा एसपी दर्जा बघून घ्या. हा दर्जा २०२० मध्ये आला. इंजिन कमी फेऱ्यांवर (आरपीएमवर) असताना जोर दिल्यावर अशा इंजिनांत वेळेआधीच ठिणगी पडल्यासारखं ज्वलन होतं, ते पिस्टन फोडू शकतं. ते रोखण्याची चाचणी या दर्जात आहे.

रिकामीसीट

सिंथेटिक टाकलं तर मग दहा हजार बिनधास्त?

काचनळी

बिनधास्त नाही. सिंथेटिक उष्णतेत उशिरा बिघडतं, कमी उडतं. उडण्याची चाचणी असते, २५० अंशांवर एक तास ठेवून किती वजन घटलं ते बघतात. एपीआय एसएन, एसपी अशा दर्जांत जास्तीत जास्त १५ टक्के, एसीईएच्या बऱ्याच दर्जांत १३. चांगलं सिंथेटिक याच्या बरंच खाली राहतं. पण धूळ, काजळी आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल यांना सिंथेटिक आणि मिनरल सारखेच. ते सिंथेटिकला घाबरून बाहेर थांबत नाहीत.

फटफटीवाली

तिसरा प्रश्न सगळे विसरले, म्हणून मोटरसायकलवर मी लिहिते.

वर काचनळी म्हणाले की नुसतं ऊन ऑइलचा काळ नाही. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं. एअर-कूल्ड मोटरसायकलला थर्मोस्टॅट नाही, रेडिएटर नाही, थंड करते ती अंगावरून वाहणारी हवा. सिग्नलला उभी राहिली की तीही बंद. इथे बाहेरचा पारा थेट ऑइलमध्ये उतरतो. त्यात बऱ्याच गाड्यांत ऑइल मिळून एक लिटर, आणि तेच ऑइल इंजिनाला, गिअरला आणि क्लचला. गिअरचे दात ऑइलमधले लांब रेणू कातरतात, ४० चं ऑइल हळूहळू ३० सारखं वागायला लागतं. गिअर खडखडत पडायला लागला, न्यूट्रल सापडेना झाला, की समजायचं ऑइल थकलं. किलोमीटरच्या आकड्याआधी पायाला कळतं.

म्हणून कारला पुस्तकातला आकडा अर्धा करावा की नाही यावर वाद होऊ शकतो, एअर-कूल्ड मोटरसायकलला उन्हाळ्यात आणि ट्रॅफिकमध्ये तो कमी करायचाच. मिनरल ऑइल असेल तर मी तीन हजारच्या पुढे जात नाही. पातळी मात्र दर आठवड्याला. गाडी सरळ उभी करून, साइड स्टँडवर नाही. आणि काडी फिरवून घट्ट करून बघायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक मॉडेलला वेगळं असतं, पुस्तकात बघा. त्या एका गोष्टीने निम्मे लोक ऑइल जास्त भरतात.

डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ हवं. कारचं ऑइल उरलंय म्हणून ओतू नका. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी ओला क्लच सरकतो: इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिच्यासाठी एमबी.

काही लहान गाड्यांत कागदी फिल्टर नसतोच, फक्त जाळी आणि फिरता कप असतो. तिथे बारीक घाण ऑइलबरोबरच बाहेर पडते, दुसरी वाट नाही. तेव्हा उशीर करू नये.

भरदुपार

गिअर खडखडण्याचं अगदी तंतोतंत. दोन आठवड्यांपासून न्यूट्रल सापडत नाहीये. उद्याच.

बरं, कारचं मी असं ठरवतोय: ५डब्ल्यू-३० सिंथेटिक, एपीआय एसपी, ५,००० ते ६,००० किमी किंवा सहा महिने. सहा महिने बरोबर आहेत का? माझं वर्षाचं चालणं सहा-सात हजारच होतं.

वाकडीवाट

पुस्तकात शेवटच्या पानांकडे "कठीण परिस्थिती" असा वेगळा तक्ता आहे का बघा. बहुतेक सगळ्या कंपन्या देतात, कोणी वाचत नाही. छोट्या फेऱ्या, जास्त वेळ इंजिन उभ्याने चालणं, धूळ, सततची उष्णता, ओढकाम यातलं काही लागू असेल तर साधारण निम्मा आकडा लिहिलेला असतो. तुमच्या सर्व्हिसवाल्याचे पाच हजार आणि मित्राचं पुस्तक यांत कदाचित भांडणच नसेल, दोघं वेगवेगळी पानं वाचत असतील.

काचनळी

वाकडीवाट, हेच लिहायला आलो होतो. मुदतही त्याच तक्त्यातली घ्या. तिथे सहा महिने असतील तर सहा. नसतील, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालत असेल, तर निव्वळ तारखेसाठी चांगलं ऑइल फेकू नका. किलोमीटरचा आकडा मात्र पाळा. वॉरंटी असेपर्यंत बिलं जपून ठेवा, त्यावर ऑइलचा दर्जा लिहून घ्या, नुसतं "ऑइल बदलले" नको.

भरदुपार

सापडला तक्ता! ५,००० किमी किंवा सहा महिने. खाली बारीक अक्षरांत "सततची उष्णता" पण आहे. मित्राला फोटो पाठवला, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

जुनापाना

हाहा. आता एक माझंही ऐका. बदलताना समोर उभे राहा. इंजिन कोमट असताना काढायला सांगा, चटका बसेल इतकं गरम नको. ड्रेन नटचा वॉशर नवा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, ते हात फिरवून बघा. राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रबरांमधून सगळं ऑइल रस्त्यावर. नव्याच्या रबराला बोटाने ऑइल लावून हातानेच आवळायचा. भरून झालं की इंजिन चालवून, बंद करून, पाच मिनिटांनी सपाट जागेवर काडी बघा. खुणेच्या वर भरलं असेल तर काढायला लावा. जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो, आणि फेस बेअरिंगला सांभाळत नाही.

धूळभेट

आणि काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाखाली नको. डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. हाताला लागू देऊ नका, वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात. हातमोजे घाला.

रिकामीसीट

शेवटचा प्रश्न, मग रुमाल उचलतो. पाच हजारला ऑइल बदलायचं तर फिल्टर दर वेळी की एकाआड एक? सासरे एकाआड एक म्हणतात.

काचनळी

दर वेळी. एक तर फिल्टरच्या पोटात पाव लिटरच्या आसपास जुनं ऑइल राहतं, ते नव्यात मिसळतं. दुसरं, फिल्टर तुंबला तरी इंजिन उपाशी राहू नये म्हणून त्यात बायपासची झडप असते. ती उघडली की ऑइल न गाळताच पुढे जातं, आणि समोर दिवाही लागत नाही. पण पुस्तकात कंपनीनेच एकाआड एक लिहिलं असेल तर सासऱ्यांशी वाद घालू नका, त्यांनी पुस्तक वाचलेलं असणार.